उंचीकडे कोण पाहत होते? कॉकपिटातील विचलनाचा इतिहास

जबलपूरच्या डुमना विमानतळाची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० फूट उंचीवर आहे. मुंबईची जवळजवळ समुद्राला टेकलेली. मुंबईहून डुमन्याला उतरणाऱ्या विमानातील दाबावर चालणारा उंचीमापक मात्र उंची थेट मोजत नाही. तो बाहेरच्या हवेचा दाब मोजतो आणि त्याचे फुटांत रूपांतर करतो. जमिनीलगत दाबातील एका हेक्टोपास्कलचा फरक म्हणजे उंचीतील सुमारे २७ फूट. ३४ हजार फुटांवरील विरळ हवेत तोच एक हेक्टोपास्कल सुमारे ८५ फुटांएवढा होतो. म्हणून उतरण्यापूर्वी स्थानिक दाबाचा आकडा उपकरणात भरावा लागतो. तो १० हेक्टोपास्कलने चुकला, तर काटा पावणेतीनशे फुटांच्या आसपास खोटे सांगतो.

तरीही उंची चुकण्याच्या गाजलेल्या घटना चाळल्या, तर काट्याने दगा दिल्याची उदाहरणे त्यांत फारशी सापडत नाहीत. काटा बरोबर होता आणि त्याच्याकडे कोणी पाहत नव्हते, अशीच उदाहरणे मनात राहतात.

त्यांतील सर्वांत जास्त अभ्यासली गेलेली घटना अमेरिकेतील आहे. २९ डिसेंबर १९७२ च्या रात्री ईस्टर्न एअरलाइन्सचे फ्लाइट ४०१ मायामीजवळ आले, तेव्हा पुढचे चाक उघडल्याची खूण देणारा दिवा लागला नाही. विमान २,००० फुटांवर ऑटोपायलटच्या स्वाधीन करून सारे वैमानिक त्या दिव्याच्या मागे लागले. या खटाटोपात नियंत्रण दांड्याला धक्का लागला असावा. उंची राखण्याची सोय सुटली आणि विमान अगदी हळू, कोणाला जाणवणारही नाही अशा गतीने उतरू लागले. अडीचशे फूट उतरल्यावर इशाऱ्याचा नाद झाला, पण त्यावर कोणीच प्रतिक्रिया दिली नाही. विमान दलदलीत कोसळले आणि १०१ जण मृत्युमुखी पडले. दिव्याची फक्त वात जळाली होती. नियंत्रकाला रडारवर ९०० फुटांचा आकडा दिसला होता. त्या काळी असे आकडे क्षणभर चुकीचे दिसत, म्हणून त्याने उंचीचा उल्लेख न करता, कसे काय चालले आहे, एवढेच मोघम विचारले.

१९७४ मध्ये शार्लट येथे वैमानिक उतरताना इकडच्या-तिकडच्या गप्पांत रमलेले असताना आणखी एक अपघात झाला. १९८१ मध्ये अमेरिकेने नियम केला, की १० हजार फुटांखाली कॉकपिटात उड्डाणाशी संबंध नसलेले बोलणे वा काम करायचे नाही. हा ‘स्टराइल कॉकपिट’ नियम पुढे जगभर पसरला. नियम शहाणपणाचाच होता, पण त्याची मर्यादाही त्या आकड्यातच होती.

भारताच्या आकाशातील सर्वांत भीषण चूक १२ नोव्हेंबर १९९६ ची. हरियाणातील चरखी दादरीवर सौदी अरेबियाचे बोइंग ७४७ आणि कझाकस्तानचे इल्यूशिन-७६ यांची टक्कर झाली. ३४९ जणांपैकी एकही वाचला नाही. इल्यूशिनने १५ हजार फुटांवर थांबायचे होते, ते १४ हजारांपर्यंत उतरले. नियंत्रकाशी बोलणारा त्याचा रेडिओ ऑपरेटर वैमानिकांच्या मागे बसे आणि त्याच्यासमोर स्वतःचा उंचीमापक नव्हता. उंचीची आज्ञा ऐकणारा एक आणि काटा समोर असणारे दुसरे, ही रचनाच विलक्षण म्हटली पाहिजे. त्यानंतर भारतात टक्कर टाळणारे उपकरण विमानांत सक्तीचे झाले.

महाराष्ट्राशी जोडलेल्या दोन घटना मात्र १० हजार फुटांच्या कितीतरी वर घडल्या. २६ मे २०१० रोजी एअर इंडिया एक्सप्रेसचे बोइंग ७३७ दुबईहून पुण्याला येत होते. त्याच कंपनीचे दुबईहून आलेले विमान मंगळुरूला कोसळून १५८ जण दगावल्याला चारच दिवस झाले होते. ३७ हजार फुटांवर कॅप्टन प्रसाधनगृहात गेले. एकट्या राहिलेल्या सहवैमानिकाने आसन पुढे सरकवले आणि त्या हालचालीत नियंत्रण दांडा पुढे ढकलला गेला. विमानाचे नाक २६ अंशांपर्यंत खाली झुकले. घाबरलेल्या सहवैमानिकाला दार उघडता येईना. कॅप्टन आपत्कालीन संकेतांक वापरून आत शिरले आणि त्यांनी विमान सावरले, तोवर सुमारे ७ हजार फूट उंची गेली होती. प्रवाशांना मात्र विमान ‘एअर पॉकेट’मध्ये सापडल्याचे सांगण्यात आले. (भौतिकशास्त्रात अशा पोकळीला जागा नाही, पण प्रवाशांना धीर देताना ती फार उपयोगी पडते.)

८ ऑगस्ट २०१४ रोजी जेट एअरवेजचे बोइंग ७७७ मुंबईहून ब्रसेल्सला निघाले होते. तुर्कस्तानावर ते ३४ हजार फुटांवर असताना कॅप्टन नियमानुसार मिळणारी विश्रांती घेत झोपले होते आणि सहवैमानिक टॅब्लेटवर उड्डाणाची कागदपत्रे पाहण्यात गुंतले होते. विमान ५ हजार फूट खाली आले तरी दोघांपैकी कोणालाच कळले नाही. २९ हजार ते ४१ हजार फुटांच्या पट्ट्यात विमानांच्या पातळ्यांत फक्त एक हजार फुटांचे अंतर ठेवले जाते. पूर्वी ते दोन हजार होते. विरळ हवेतही अचूक राहणारे उंचीमापक आल्यावर ते निम्मे करता आले. म्हणजे उपकरणे जितकी विश्वासार्ह झाली, तितक्या जास्त पातळ्या त्या विमानाने नकळत ओलांडल्या.

पुढे महासंचालनालयाने दोन्ही वैमानिकांना निलंबित केले. त्या दिवशी कोणाला इजा झाली नाही. कॉकपिटातल्या दोघांच्या आधी ही घसरण अंकाराच्या नियंत्रकाला पडद्यावर दिसली होती, आणि नेमून दिलेली उंची का सोडली, असे त्याने सरळ विचारले.