सायकलचा ब्रेक आणि कोयत्याचे श्रम

जागेवरच चालणारी सायकल शरीरशास्त्राचं उपकरण झाली ती ब्रेकमुळे. पट्ट्याच्या घर्षणावरच्या मोनार्क सायकलीत पेडलच्या एका फेऱ्यामागे चाकाची कड 6 मीटर सरकते. पट्ट्यावर 1 किलोचा ताण आणि मिनिटाला 50 फेरे असतील तर सुमारे 49 वॅट काम होतं. दमलेले पाय 40 फेऱ्यांवर आले की तेच काम 39 वॅटवर उतरतं, मग शरीराने काय सोसलं याचा हिशेबच बिघडतो. कोपनहेगनच्या ऑगस्ट क्रोग यांनी 1913 साली विद्युतचुंबकांमधून तांब्याची तबकडी फिरवली. वीजप्रवाह वाढवला की तबकडी जड जाते. त्याच वर्षी योहानेस लिंडहार्ड यांच्यासोबत त्यांनी श्रम सुरू होतानाच्या पहिल्या मिनिटांत श्वास आणि नाडी कशी चढते हे तपासलं. पुढे 1950च्या दशकात इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आलं. फेरे मंदावले की रोध आपसूक वाढू लागला आणि ठरवलेले वॅट टिकू लागले.

हे मोजमाप कष्टकऱ्याच्या बाजूचं आहे, असं मला ठामपणे वाटतं. मुंबईत शीवच्या केंद्रीय श्रम संस्थेतल्या पी. एन. साहा आणि सहकाऱ्यांनी 1979 साली भारतीय कामगाराला दिवसभर झेपेल अशी मर्यादा मांडली: कमाल प्राणवायू-क्षमतेच्या सुमारे 35 टक्के, नाडी मिनिटाला 110च्या आसपास. ही मर्यादा ऊसतोडीला लावून पाहा: बीड जिल्ह्यातून दर हंगामात हजारो जोडपी ऊसतोडीला जातात आणि त्यांची मजुरी टनावर ठरते. टन उसाचं वजन सांगतो; वाकून तोडणं, वाढं छाटणं, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढणं यांचा भार सांगत नाही. यावर कोणी म्हणेल, सायकलीवर पाय राबतात आणि फडात कंबर नि खांदे, मग तुलना कशी? आक्षेप रास्त आहे, शिवाय उन्हानेही नाडी चढते. पण सायकलीने फडाची नक्कल करावी, अशी अपेक्षाच नाही. टप्प्याटप्प्याने वॅट वाढवत त्याच माणसाची नाडी आणि प्राणवायू यांचं नातं आधी ठरवायचं, मग फडात प्रत्यक्ष श्वासाची हवा गोळा करून ते दुरुस्त करायचं. मोळी चढवताना श्रम एकदम वाढतो, रिकाम्या हाताने उतरताना ओसरतो. हा चढउतार एकाच स्थिर भाराच्या चाचणीत हरवतो, म्हणून पटकन भार बदलणारी सायकलच इथे उपयोगाची. आणि चाचणी बाईचीही वेगळी व्हायला हवी, कारण ‘एक कोयता’ म्हणून उचल दोघांची मिळून मोजली जाते, शरीरं मात्र दोन राबतात.