कॉन्व्हेंटच्या पहिल्या दोन मुली

लग्नाच्या जाहिरातीत 'कॉन्व्हेंट एज्युकेटेड' असं वाचलं की आपण काय समजतो? मुलगी फाडफाड इंग्रजी बोलते आणि घरचं बरं आहे! पुण्यात कॅम्पात तर कॉन्व्हेंट स्ट्रीट नावाचा रस्ताच आहे. 'जीझस अँड मेरी' या जोगिणींच्या संघाने पुण्यात १८६० साली शाळा काढली. पण हा संघ सुरू झाला तो कोणासाठी?

संस्थापिका क्लॉदीन तेवने. जन्म १७७४, फ्रान्समधलं लिऑन शहर. पैठणीसाठी जसं आपलं येवलं, तसं रेशमासाठी लिऑन. १७९३ मध्ये या शहराने पॅरिसच्या क्रांतिकारी सरकारविरुद्ध उठाव केला. वेढा पडला, शहर हरलं, मग सूड सुरू झाला. दीड हजारांहून जास्त माणसं मारली गेली. जानेवारी १७९४ मध्ये त्यात क्लॉदीनचे दोन भाऊही गेले. त्यांना नेत असताना १९ वर्षांची क्लॉदीन तिथे होती. आम्ही माफ केलंय, तूही कर, असं त्यांनी तिला सांगितल्याचं तिच्या चरित्रात येतं. त्या धक्क्याने तिची मान पुढे आयुष्यभर थरथरत राहिली म्हणे.

आता माफ करायचं म्हणजे नेमकं करायचं काय? सूड घ्यायचा नाही, हे झालं. पण मग आतल्या रागाचं काय?

क्लॉदीन कामाला लागली. क्रांती आणि युद्धांनी कितीतरी पोरं उघड्यावर आणली होती. १८१५ मध्ये एका पाद्र्याला चर्चच्या दाराशी थंडीने कुडकुडणाऱ्या दोन मुली सापडल्या, कोणीतरी टाकून दिलेल्या. त्याने त्या क्लॉदीनकडे आणल्या. या पहिल्या दोघी! १८१८ मध्ये संघ उभा राहिला. मुलींना लिहायला-वाचायला शिकवायचं आणि रेशीम विणायलाही, म्हणजे उद्या पोट कोणापुढे हात न पसरता भरेल.

क्लॉदीन १८३७ मध्ये गेली. तिच्या जोगिणी १८४२ मध्ये आग्र्याला आल्या आणि पुढे पुण्याला. इकडे पेठेत जोतिराव-सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. टाकून दिलेल्या पोरांचा प्रश्न लिऑनला होता तसा पुण्यातही होताच.

चर्चने क्लॉदीनला १९८१ मध्ये 'धन्य' आणि १९९३ मध्ये 'संत' घोषित केलं. मृत्यूनंतर तब्बल १५६ वर्षांनी! कागदपत्रं, साक्षी, चमत्काराची छाननी... आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांचे रिव्ह्यू परवडले. आपल्या जनाबाईला कुठल्या समितीपुढे जावं लागलं नाही, लोकांनीच तिला संत म्हटलं. असो, ज्याची त्याची रीत.

मला मात्र चमत्कार दिसतो तो दुसराच. ज्या शहराने भाऊ नेले, त्याच शहराची टाकलेली पोरं तिने घरात घेतली. 'कॉन्व्हेंट एज्युकेटेड' म्हणावं, तर त्या दोघी मुलींना.