घरच्या संगणकावर लिनक्स रुजणार का?

अहिल्यानगर, प्रतिनिधी - मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या संगणक प्रणालीला दिला जाणारा नियमित सुरक्षा-पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. घरगुती ग्राहकांना नोंदणी करून एक वर्षाची मुदतवाढ देऊ केली गेली. मात्र विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेले, पण आजही धडधाकट असलेले संगणक अपात्र ठरले. संगमनेर असो वा जामखेड, ज्या घरात मुलांच्या शिक्षणासाठी पदरमोड करून संगणक आणला गेला, त्या घरापुढे प्रश्न सरळ आहे : यंत्र भंगारात काढायचे, की त्यावर लिनक्ससारखी मुक्त प्रणाली बसवायची?

'फ्री सॉफ्टवेअर' या इंग्रजी शब्दप्रयोगाने बराच गोंधळ घातला आहे. मराठीत 'मोफत' आणि 'मुक्त' हे दोन वेगळे शब्द असल्याने आपली सुटका होते. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेला ग्नू प्रकल्प हा मुक्ततेचा आग्रह होता. प्रणालीची मूळ संहिता कोणालाही वाचता यावी, बदलता यावी आणि वाटता यावी, हे त्याचे सूत्र. फिनलंडमधील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा लिहिला आणि या चळवळीला हवी असलेली कडी मिळाली. उबुंटू, लिनक्स मिंट, फेडोरा ही त्याच गाभ्याभोवती रचलेली वेगवेगळी रूपे होत.

मग फुकट मिळणारी ही प्रणाली आपल्याकडे घरोघरी का पोहोचली नाही? प्रयत्न झाले नाहीत असे नाही. 'पीसीक्वेस्ट' मासिकाने अंकासोबत लिनक्सच्या सीडी दिल्या. २००४ मध्ये आलेल्या उबुंटूच्या सीडी तर मागणी नोंदवताच टपालाने विनामूल्य घरपोच येत. ही सोय २०११ पर्यंत होती. परंतु सुटे भाग जोडून संगणक तयार करून देणारा दुकानदार त्यावर विंडोजची नक्कल प्रत सर्रास टाकून देत असे. ग्राहकाच्या लेखी दोन्ही प्रणाली फुकटच! किमतीचा फायदा असा आपोआप निकालात निघाला. त्यात टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट जोडण्याच्या त्या काळात संगणकाच्या आत बसवलेले स्वस्त मोडेम बहुधा केवळ विंडोजवरच चालत. तालुक्याच्या गावी लिनक्स हौसेने बसवणाऱ्याचा उत्साह इंटरनेट जोडतानाच मावळे, तो यामुळे.

शिक्षणाचा भागही मोठा. एमकेसीएलच्या एमएससीआयटी अभ्यासक्रमाने ग्रामीण महाराष्ट्राला संगणकाची ओळख करून दिली, हे श्रेय निर्विवाद आहे. पण ती ओळख मुख्यतः विंडोज आणि एमएस ऑफिसची होती. केरळने शालेय संगणक शिक्षण मुक्त प्रणालीवर नेले. आपल्याकडे संगणकशास्त्राच्या पदवीचे विद्यार्थी प्रयोगशाळेत लिनक्सवर प्रात्यक्षिके करतात आणि घरी येऊन विंडोज सुरू करतात.

मराठीच्या बाबतीत मात्र लिनक्सची बाजू समजली जाते तितकी लंगडी नाही. पुण्यातील रेड हॅटच्या चमूने लोहित देवनागरी हा मुक्त टंक आणि प्रणालीचे मराठी रूप यांवर दीर्घकाळ काम केले. सी-डॅकने २००७ मध्ये 'बॉस' ही भारतीय भाषांना आधार देणारी प्रणाली आणली. इनस्क्रिप्ट कळफलक आणि युनिकोड मराठी आज लिनक्सवर सहज चालते. मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स व लिबरऑफिसचे दृक्‌श्राव्य धडे मराठीतही आहेत. खरी अडचण आहे ती जुन्या मजकुराची. श्रीलिपीसारख्या बिगर-युनिकोड टंकांत साठवलेल्या लग्नपत्रिका, अर्ज आणि हस्तलिखिते लिनक्सवर उघडली की अक्षरांचा कचरा दिसतो. छपाई व्यावसायिक कोरलड्रॉ सोडू शकत नाहीत. व्यापाऱ्यांचे टॅली विंडोजसाठीच बनलेले आहे. ज्या घरातील संगणक दुकानाचा हिशेबही सांभाळतो, तेथे लिनक्सचा आग्रह धरणे व्यवहार्य नाही.

ज्या घरात संगणक बँकेचे व्यवहार, प्रवेश अर्ज, व्हिडिओ आणि पत्रलेखन यांपुरताच लागतो, तेथील चित्र वेगळे आहे. ही कामे आता बव्हंशी ब्राउझरमध्येच होतात आणि खाली कोणती प्रणाली आहे याने फारसा फरक पडत नाही. स्टॅटकाउंटरच्या आकडेवारीत जगातील डेस्कटॉप संगणकांमध्ये लिनक्सचा वाटा २०२४ मध्ये प्रथमच ४ टक्क्यांपुढे गेला. अनेक वर्षे तो दोन टक्क्यांच्या आसपास रेंगाळला होता. ही लाट नव्हे. विकत घेतलेल्या नव्या लॅपटॉपवर विंडोज आधीच बसवलेले असते आणि ते काढून दुसरे टाकण्याचे कष्ट थोडेच घेतात. लिनक्सचा प्रसार होईल तो जुन्या यंत्रांवर, असे प्रस्तुत प्रतिनिधीला वाटते. (गंमत म्हणजे खिशातील अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सच, तेथे कोणी प्रश्न विचारला नाही.)

प्रयोग करू पाहणाऱ्यांना हार्ड डिस्कला हात लावण्याची गरज नाही. लिनक्स मिंट किमान २ जीबी रॅमवर चालते, ४ जीबी असल्यास उत्तम. ते पेन ड्राइव्हवर घेऊन त्यावरूनच संगणक सुरू करता येतो. तेवढ्यात वाय-फाय, ध्वनी आणि विशेषतः प्रिंटर तपासून घ्यावा, कारण काही लेझर प्रिंटरचे लिनक्सशी जुळवणे आजही जिकिरीचे असते. कायमस्वरूपी बसवायचे ठरल्यास घरातील छायाचित्रे व कागदपत्रे आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावीत आणि जुन्या टंकांतील मजकूर विंडोज असतानाच युनिकोडमध्ये बदलून ठेवावा.