अंगाला ऊन लागावं, पण कोणतं आणि किती?

थंडी पडली की पारावर, ओट्यावर माणसं सकाळच्या उन्हाला बसतात. कोवळं ऊन हाडाला चांगलं, असं घरोघरी सांगतात. ते खोटं नाही, पण अर्धवट आहे. अंग शेकणारं ऊन वेगळं आणि हाडाला उपयोगी पडणारं वेगळं.

उन्हात असतं काय?

उन्हात दिसणारा प्रकाश असतो, ऊब असते आणि डोळ्याला न दिसणारे अतिनील किरणही असतात. त्यांचे ए, बी आणि सी असे तीन प्रकार. सी किरण वर हवेतच अडतात. बी किरण थोडेच खाली पोचतात, पण कातडीत 'ड' जीवनसत्त्व तयार होतं ते त्यांच्यामुळेच. पुढे लिव्हर आणि किडनी ते कामाचं करून देतात, मग खाण्यातलं कॅल्शियम अंगी लागतं. हे कमी पडलं तर मुलांना मुडदूस होतो, पाय वाकतात. मोठ्यांची हाडं मऊ पडतात, कंबर-मांड्या दुखतात, बसलेलं उठवत नाही.

१९१९ साली बर्लिनचे डॉक्टर कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेल्या मुलांना अतिनील दिव्याचा प्रकाश दिला. त्यांची हाडं सुधारल्याचं एक्स-रेमध्ये दिसलं.

सावली बघून वेळ ठरवा

सूर्य खाली असताना किरण तिरपे येतात आणि बी किरण बरेचसे वाटेतच गळतात. म्हणून सकाळी सातच्या उन्हात ऊब मिळते, 'ड' फारसं मिळत नाही. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की बी किरण पुरेसे येतात असं धरावं. आपल्याकडे डिसेंबरात ही वेळ साधारण साडेअकरा ते दीड असते. एप्रिल-मेमध्ये ती सकाळी साडेनऊच्या सुमारासच सुरू होते. तेव्हा उन्हाळ्यात सकाळीच थोडा वेळ बसावं. भर दुपारी बसून उष्माघात ओढवून घेऊ नये.

हिवाळ्यात हात-पाय उघडे ठेवून आठवड्यातून तीन-चारदा वीस-तीस मिनिटं बसावं. सावळ्या कातडीला जरा जास्त वेळ लागतो. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हाचा यासाठी उपयोग नाही, काच बी किरण अडवते.

कमी कुणाला पडतं?

उघड्या अंगाने राबणाऱ्या शेतकऱ्याला ऊन कमी पडत नाही, उलट जास्तच होतं. कमी पडतं ते अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना, अंधाऱ्या खोलीतल्या बाळंतिणीला, शाळा-क्लासमध्ये दिवस घालवणाऱ्या पोरांना. खुरपायला जाणाऱ्या बायाही साडीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात, तोंडाला रुमाल बांधतात. दिवसभर उन्हात असूनही त्यांच्या कातडीला ऊन लागत नाही. अशा बाईची कंबरदुखी 'कामाचा शीण' म्हणून सोडून देऊ नये, डॉक्टरांना दाखवावी. रक्त तपासून 'ड'ची कमतरता कळते आणि औषधही असतं.

दवाखान्यातला उपयोग आणि गैरसमज

सोरायसिस आणि कोड यांवर त्वचारोगतज्ज्ञ मोजून अतिनील प्रकाश देतात. कोडावर बावचीचं तेल लावून उन्हात बसणारेही आहेत. पण बावचीतल्या सोरालेनमुळे कातडी भाजून फोड येतात. हा प्रयोग घरी करू नये.

काविळीच्या बाळाला दवाखान्यात निळ्या प्रकाशाखाली ठेवतात, तो अतिनील नसतो. बाळ पिवळं दिसलं तर उन्हात धरून बसू नये, लगेच दवाखान्यात न्यावं.

ए किरणांमुळे रक्तवाहिन्या सैल होऊन रक्तदाब थोडा उतरतो, असं काही प्रयोगांत दिसलं आहे. पण त्यावर विसंबून बीपीची गोळी बंद करू नये.

जास्त झालं तर

हेच किरण वर्षानुवर्षं जास्त लागले तर मोतीबिंदू होऊ शकतो, डोळ्यात मांस वाढतं, कातडीचा कर्करोगही होऊ शकतो. दिवसभर रानात असणाऱ्यांनी टोपी किंवा उपरणं आणि चांगला गॉगल वापरावा.

थोडक्यात, घरात बसणाऱ्याने थोडं बाहेर यावं आणि रानात राबणाऱ्याने थोडं सावलीला जावं. ऊन फुकट मिळतं, पण तेही औषधासारखं मापातच घ्यायचं.