आष्टीहून काशीपर्यंत : छत्रपती प्रतापसिंहांच्या मागावर

तुम्ही बीड जिल्ह्यातल्या आष्टीचे. ‘आष्टीची लढाई’ असं वाचलं की ती आपल्याच शिवारात झाली असणार, असं वाटतं. ती आष्टी मात्र मोहोळ तालुक्यातली, पंढरपूरच्या उत्तरेची. तेव्हा आधी सीना ओलांडा. महिना फेब्रुवारी, साल १८१८. तुमच्या पाठीशी राहिली ती मोगलाई, निजामाचा अंमल. समोर पेशव्यांचा मुलूख, आणि त्यात इंग्रजांच्या फौजा दुसऱ्या बाजीरावाच्या मागावर आहेत. करमाळ्यावरून खाली उतरत तुम्ही मोहोळच्या बाजूला लागता.

पुढे उडालेली धूळ जनरल स्मिथच्या घोडदळाची आहे. बाजीराव निसटला. त्याची पाठ राखायला उभे राहिलेले सेनापती बापू गोखले रणात पडले. तुम्ही जुन्या वस्तूंचे शौकीन, त्यामुळे नजर आपसूक जमिनीवरच्या तलवारी-भाल्यांकडे वळते. ते राहू द्या. छावणीच्या अंगाला पाहा. आई आणि भावांसोबत पंचवीस वर्षांचे एक तरुण तिथे आहेत. हे छत्रपती प्रतापसिंह. नावाला राजे, पण पेशव्याने आधी वासोटा किल्ल्यावर ठेवलेले आणि नंतर पळापळीत बरोबर फिरवलेले. आज ते इंग्रजांच्या हाती लागतात. दोन महिन्यांत, एप्रिलमध्ये, इंग्रज त्यांना साताऱ्याच्या गादीवर बसवतात.

आता एकवीस वर्षं ओलांडा. सप्टेंबर १८३९, सातारा, रात्रीची वेळ. वाटेत तुम्हाला जे शहर दिसलं त्यावर याच राजाचा हात फिरलेला आहे. राजवाडा, रस्ते, शहरात खेळवलेलं पाणी, मुलांसाठी शिक्षण. कारभारात स्वतः लक्ष घालणारा, रोजनिशी ठेवणारा हा माणूस. ग्रँट डफ मराठ्यांच्या इतिहासाची साधनं जमवत होता तेव्हा साताऱ्याचं दप्तर त्याला यांनीच खुलं करून दिलं. असा राजा ईस्ट इंडिया कंपनीला डोईजड झाला. गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान, पलटणीतल्या शिपायांना फितवणं, असे आरोप त्यांच्यावर ठेवले गेले. आरोप कबूल करा, म्हणजे गादी राहील, असं मुंबईचा गव्हर्नर कारनॅक त्यांना सांगून पाहतो. ते नकार देतात. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट हा नकार आहे, आणि कुठल्याही संग्रहालयाच्या कपाटात तो ठेवता येत नाही.

रेसिडेंट ओव्हन्स वाड्यात शिरतो. राजाला झोपेतून उठवून पालखीत बसवतात आणि रातोरात लिंब गावाकडे नेतात. बारामोटेच्या विहिरीमुळे आज तुम्हाला ठाऊक असलेलं तेच लिंब. बरोबर काय घ्यावं याचा विचार करायला वेळच दिलेला नाही. म्हणून हद्दपार राजाच्या वस्तू शोधणाऱ्याच्या हाती फार थोडं लागतं. खजिना, दागिने, हत्यारं सगळं मागे राहिलं. तिथून पुढचा प्रवास काशीचा. चुलतभाऊ बाळासाहेब सेनापती वाटेतच वारले. काशीत तुम्ही फार थांबू नका. न्याय मिळेल या आशेवर काढलेली वर्षं आहेत ती, आणि १४ ऑक्टोबर १८४७ ला ती संपतात.

त्यापेक्षा लंडनला जा. तिथे रंगो बापूजी गुप्ते नावाचा मराठी माणूस आपल्या राजाची बाजू घेऊन कंपनीच्या भागधारकांसमोर उभा आहे. राजा वारला, १८४८ मध्ये डलहौसीने संस्थान खालसा केलं, तरी हा १८५३ पर्यंत तिथेच. खर्चाला पैसा नाही, कर्ज झालेलं. त्याच्या हातात शस्त्र नव्हतं. होते ते अर्ज, पत्रं, नकला. प्रतापसिंहांसाठी शेवटपर्यंत लढले ते हे कागद. प्रबोधनकार ठाकरे यांनी पुढे या दोघांची कहाणी मराठीत मांडली तीही कागदांच्याच जोरावर.

परतताना साताऱ्यात पुन्हा उतरा. ७ नोव्हेंबर १९००. राजवाड्यातल्या शाळेत भीमराव नावाच्या मुलाचं नाव दाखल होतं. ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्या शाळेला आज प्रतापसिंहांचंच नाव आहे.

मग १९२५. दत्तात्रय बळवंत पारसनीस साताऱ्यात आपलं ऐतिहासिक संग्रहालय उभं करतात. मेणवलीचं नाना फडणविसांचं दप्तर, चित्रं, नकाशे, सारं त्यांनी वर्षानुवर्षं जमवलेलं. इतिहाससंशोधक राजवाडे यांचं नाव आपण जास्त घेतो. पारसनीसांनी कागदाच्या बरोबरीने चित्र आणि नकाशाही जपला, याचं मोल मला तेवढंच वाटतं. पुढच्याच वर्षी ते गेले. १९३९ मध्ये संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आला, म्हणून आज तो पाहायला मिळतो.

आता घरी, आपल्या आष्टीत या. जुन्या वाड्याच्या माळ्यावर लाल फडक्यात बांधलेला रुमाल, म्हणजे कागदांचं गाठोडं, असेल. आत दौलताबादी कागद, बोरूने लिहिलेली मोडी, कुठे फारसी शिक्का. पाटीलकी-कुलकर्णीपणाचं वतन, इनामाची सनद, एखादं घरगुती पत्र. राजाचं नाव त्यात नसेलही. पण ज्या काळाने प्रतापसिंहांना वर चढवलं आणि खाली ओढलं, त्या काळात आपल्या भागातला माणूस कसा जगला, हे दुसरं कोण सांगणार?

म्हणून एवढं करा. गाठोडं ज्या क्रमाने बांधलेलं आहे तो क्रम मोडू नका. फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. कोणाच्या घरातून, कोणत्या गावातून आलं ते वेगळ्या कागदावर लिहून आत ठेवा. विकत मागणारा आला तरी सुटी पानं देऊ नका. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात इतिहास वस्तुसंग्रहालय आहे, पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. मोडी जाणणाऱ्याला दाखवा. पावसाळ्याआधी दाखवा, वाळवी थांबत नाही.