वंशलोचन बॉयलरमध्ये

खानापूर तालुक्यातलं गुंजी मागे टाकून लोंढ्याच्या पलीकडे गेलं की जंगलात, काळी नदीच्या काठी, दांडेली लागते. 1955 साली स्थापन झालेल्या वेस्ट कोस्ट पेपर मिल्सने तिथे 1959 पासून कागद काढायला सुरुवात केली. नदीचं पाणी हाताशी, भोवती बांबूची बेटं, आणि सरकारी करारामुळे बांबूचा दर टनाला दीड रुपया. बुरुडाला तोच बांबू बाजारात कितीतरी पटींनी महाग पडे, यावर परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळांनी पुढे सडकून लिहिलं.

या स्वस्ताईत एक खोट होती. बांबूत सिलिका असते, म्हणजे वाळूचाच मुख्य घटक. वैद्यांना ती फार जुनी ओळखीची: सितोपलादी चूर्णातलं वंशलोचन ते हेच, बांबूच्या पेरात साठलेलं. ज्याच्या मृत्युपत्रातून अमेरिकेतली स्मिथसोनियन संस्था उभी राहिली, त्या जेम्स स्मिथसनने 1791 मध्येच वंशलोचनावरचे रासायनिक प्रयोग प्रसिद्ध केले होते.

औषधात गुणकारी, गिरणीत उपद्रवी. कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइडमध्ये बांबू शिजवला की लगदा वेगळा होतो आणि काळा द्राव उरतो. तो फेकणं परवडत नाही. म्हणून आटवायचा, बॉयलरमध्ये जाळायचा, उरलेला क्षार पाण्यात विरघळवून त्यात चुना घालायचा, की कॉस्टिक परत मिळतो. मात्र शिजताना सिलिकाही द्रावात उतरते आणि आटवणीच्या नळ्यांत काचेसारखी चिकटते. गीझरमध्ये बसणारे क्षार आम्लाने निघतात. हा थर साध्या आम्लाला दाद देत नाही, खरवडावाच लागतो. थर बसला की उष्णता पोचत नाही, वाफ जास्त लागते आणि शेवटी यंत्र बंद ठेवावं लागतं.

चुन्याची गत त्याहून वाईट. लाकडावर चालणाऱ्या गिरण्या चुन्याचा गाळ भट्टीत भाजून पुन्हा वापरतात. बांबूच्या गिरणीत प्रत्येक फेरीला त्यात सिलिका साचत जाते. त्यामुळे आपल्याकडे वर्षानुवर्षं गाळाचे ढीग लागले आणि दरवेळी नवा चुना विकत आणावा लागला.

इंग्रज सरकारने 1925 मध्ये बांबू-कागदाला संरक्षण देणारा कायदा केला, पण नळ्यांना कायदा कळत नव्हता! धुरातल्या कार्बन डायऑक्साइडने सिलिका आधीच खाली बसवण्याचे प्रयोग पुढे झाले. खरा फरक पडला तो कच्चा माल बदलल्यावर. निलगिरी, सुरू, सुबाभूळ यांच्या लाकडात सिलिका बांबूपेक्षा खूपच कमी असते, त्यामुळे तिथे चुना परत भाजता येतो.