पन्नास पौंडांचा कॅमेरा

कॅमेरा चांगला हवा आणि बॅटरी दिवसभर टिकायला हवी. नवा फोन घेताना आपल्यापैकी बहुतेकांच्या अटी इथेच सुरू होतात आणि इथेच संपतात. इंग्लंडात राहणाऱ्या मराठी माणसाने मात्र दुकानात जाण्याआधी थोडे मागे वळून पाहावे. आपली कॅमेरा-खरेदी शंभराहून अधिक वर्षे याच देशाशी जोडलेली आहे.

पहिले गिऱ्हाईक सावेदादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर. मुंबईत त्यांचा छायाचित्रणाचा व्यवसाय होता. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्यूमिएर बंधूंची हलती चित्रे दाखवली गेली. त्यानंतर सावेदादांनी २१ गिनी मोजून इंग्लंडहून कॅमेरा मागवला. १८९९ साली त्यांनी हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली. केंब्रिजहून सीनियर रँग्लर होऊन आलेल्या र. पु. परांजपे यांचे १९०१ च्या डिसेंबरात मुंबईत स्वागत झाले, तेही टिपले. विलायतेहून परतलेल्या मुलाचा व्हिडिओ काढायची आपली हौस इतकी जुनी! पण चित्रफीत धुऊन घ्यायला लंडनलाच पाठवावी लागे. यंत्र आपले असले तरी निम्मे काम दुसऱ्याच्या हाती होते.

ही अडचण दादासाहेब फाळक्यांनी मुळातून सोडवली. १९११ साली गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिल्यावर त्यांनी ध्यास घेतला. विम्याच्या पॉलिसी तारण ठेवल्या आणि १९१२ च्या फेब्रुवारीत थेट लंडन गाठले. ते 'बायोस्कोप' साप्ताहिकाचे वाचक होते, म्हणून त्याच्या संपादकांना जाऊन भेटले. संपादकांनी आधी परावृत्त करायचा प्रयत्न केला, मग वॉल्टन येथे स्टुडिओ असलेल्या सेसिल हेपवर्थ या निर्मात्याशी गाठ घालून दिली. हेपवर्थने आपल्या स्टुडिओतले काम त्यांना दाखवले.

इतके पाहून झाल्यावर त्यांनी पन्नास पौंडांचा विल्यमसन कॅमेरा घेतला. जेम्स विल्यमसन हा होव्हचा औषधविक्रेता. तो पुढे चित्रपट करू लागला आणि नंतर चित्रपटांची यंत्रे बनवू लागला. फाळक्यांनी कॅमेऱ्याबरोबर कोडॅकची कच्ची फिल्म आणि फिल्मच्या कडांना छिद्रे पाडणारे यंत्रही मागवले. हे छिद्रांचे यंत्र मला कॅमेऱ्याइतकेच महत्त्वाचे वाटते, कारण त्यामुळे पुढचे काम दादरच्या घरात होऊ शकले. सरस्वतीबाई अंधाऱ्या खोलीत बसून फिल्मला छिद्रे पाडत, ती धुवायलाही मदत करत.

बॅटरीचा तर प्रश्नच नव्हता. मूठ फिरवणारा हात हीच बॅटरी. सेकंदाला साधारण दोन फेरे, म्हणजे सोळा चौकटी. वेग चुकला तर पडद्यावरची माणसे धावू लागत. रात्रीचे चित्रण विसरा, त्या फिल्मला भरपूर ऊन लागे. तरीही फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरून रोज थोडेथोडे चित्रण केले आणि रोप उगवताना दाखवले. आज फोनमध्ये एक बटण दाबले की होते ते काम त्यांनी महिनाभर चिकाटीने केले. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी कोरोनेशन थिएटरात लागला. लांबी ३,७०० फूट. फुटात सोळा चौकटी धरल्या, तर त्या वेगाने तासाभराचा ऐवज.

म्हणून फोन निवडताना मेगापिक्सेल मोजण्याआधी मी फाळक्यांचा प्रश्न विचारते: यातले किती काम माझ्या हातात राहील? बॅटरी दोन-तीन वर्षांत दमणार, ती बदलता येते का आणि किती पैशांत? सॉफ्टवेअर किती वर्षे मिळेल? फोटो माझ्याकडे राहतील, की दरमहा भाडे भरून कुणाकडे ठेवावे लागतील? ब्रिटनमध्ये २०२१ साली दुरुस्तीच्या हक्काचे नियम आले, पण ते धुलाईयंत्रे, फ्रिज, टीव्ही अशांपुरते. स्मार्टफोन त्यातून सुटले. युरोपीय संघात २०२७ च्या फेब्रुवारीपासून छोट्या उपकरणांच्या बॅटऱ्या ग्राहकाला बदलता येतील अशा असाव्यात, असा कायदा झाला आहे, मात्र त्यालाही काही अपवाद आहेत.

आपल्यासाठी हा प्रश्न नुसता पैशांचा नाही. नातवंडांची पहिली पावले आजी-आजोबा याच कॅमेऱ्यातून पाहतात, आणि आजीचा आवाज पुढे नातवंडांना ऐकायला मिळेल तोही बहुधा इथूनच. तो ऐवज फोन बंद पडल्यावरही आपल्या घरात राहायला हवा. तेव्हा नव्या फोनच्या बिलात एका साध्या हार्ड डिस्कची किंमतही धरा. फाळक्यांनीही एकटा कॅमेरा घेतला नव्हता.